हवेच्या सॅम्पलिंगसाठी फिल्टर कसा निवडायचा

कामाच्या जागी हवेचं सॅम्पल घ्यायचं म्हटलं की सगळं लक्ष पंपाकडे, आणि फिल्टर मात्र कपाटात जो शिल्लक असेल तो. सुरुवातीला मीही हेच केलं. बारीक धूळ मोजायची होती, कॅसेटमध्ये, म्हणजे फिल्टर धरून ठेवणाऱ्या डबीत, घातला एमसीई म्हणजे मिक्स्ड सेल्युलोज एस्टरचा फिल्टर, आणि नंतर वजन केलं तर दोन फिल्टर कोरे असताना होते त्यापेक्षा हलके. ज्या माणसाने ८ तास तो पंप कमरेला लावून काम केलं, त्याचा पूर्ण दिवस वाया गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर पहिली पायरी, पंप चार्जिंगला लावायच्याही आधी लॅबला फोन करा. काय मोजायचंय ते सांगा आणि तुम्ही ते कसं मोजणार, हे विचारा, कारण फिल्टर स्वतःच तपासणीत जातो, कुणी त्याचं वजन करतं, कुणी ॲसिडमध्ये विरघळवतं, कुणी जाळतं, कुणी मायक्रोस्कोपखाली ठेवतं.

मग मटेरियल ठरवा. नुसतं वजन करायचं असेल तर ५ मायक्रॉनचा (हा पोअर साइज, म्हणजे फिल्टरच्या भोकांचा आकार) पीव्हीसी, तो ओलावा फारसा धरत नाही. आता हा हिशोब बघा, मिनिटाला १.७ लिटरने ८ तासांत ८१६ लिटर, म्हणजे साधारण ०.८ घनमीटर हवा. घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम बारीक धूळ असेल तर फिल्टरवर जमणार जेमतेम ०.०८ मिलिग्रॅम, आणि सेल्युलोज दमट हवेत याहून जास्त पाणी सहज पितं. पण पीव्हीसीवर स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, फार चढते, ती घालवूनच तराजूवर ठेवा. सिलिकालाही पीव्हीसीच, तो जाळून किंवा विरघळवून काढून टाकता येतो.

शिसं, मँगनीज, कॅडमियम असे धातू असतील तर ०.८ मायक्रॉनचा एमसीई घ्या, ॲसिडमध्ये पूर्ण विरघळतो. पण वेल्डिंगच्या धुरातलं किंवा प्लेटिंगमधलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं घातक रूप) मोजायचं असेल तर एमसीई अजिबात नको! सेल्युलोजमुळे त्याचं ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी घातक रूप, होतं, रिपोर्टमध्ये आकडा कमी येतो आणि कॅन्सर करणारी गोष्ट हवेत असून सगळे निश्चिंत बसतात. इथेही पीव्हीसीच. ॲसबेस्टॉसला एमसीई चालतो, पण २५ मिलिमीटरचा आणि लांब नळकांड्याच्या, वीजवाहक प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये, तो ॲसिटोनच्या वाफेने पारदर्शक करून तंतू मोजतात.

डिझेलच्या धुरातला कार्बन मोजायला आधी भट्टीत तापवून घेतलेला क्वार्ट्झ फायबर लागतो, कारण तपासणीत तो ८०० अंशांच्या वर तापवतात आणि त्यात स्वतःचा कार्बन असून चालत नाही. अल्कलीची धूळ असेल तर पीटीएफई (टेफ्लॉन), तो जवळपास कशाशीच रिॲक्ट होत नाही. डांबराच्या धुरातल्या पीएएच, म्हणजे अनेक कड्यांच्या हायड्रोकार्बनसाठीही हाच, पण त्यातला काही भाग वाफ होऊन फिल्टरमधून निसटतो म्हणून मागे शोषक ट्यूब जोडावीच लागते.

पोअर साइजबद्दल एक गैरसमज खूप दिसतो, की ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून १ मायक्रॉनची धूळ निघून जाईल. फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी नव्हे, कण वळणावर आपटतात, कडेला घासून चिकटतात, अगदी बारीक असतील ते इकडेतिकडे भटकत जाऊन चिकटतात, त्यामुळे भोकापेक्षा लहान कणही बहुतेक अडकतात. उगाच बारीक पोअर घेतलात तर पंपावर लोड येतो आणि फ्लो पडतो.

शेवटी, फ्लो सेट करताना त्याच लॉटचा फिल्टर कॅसेटमध्ये घालूनच सेट करा, सॅम्पलिंग झाल्यावर पुन्हा तपासा, आणि दर वेळी निदान दोन कोरे फिल्टर, ज्यांतून हवा ओढलेली नाही असे, सोबत नेऊन बाकीच्यांबरोबरच लॅबला पाठवा.