टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलंय? मग या चुका टाळा

सोलापुरात चाटी गल्लीतलं कापड दुकान असो की अक्कलकोट रोडचा टॉवेल कारखाना, डिझाइनचे फोटो, ऑर्डरी, बिलं सगळं आता व्हॉट्सॲप आणि जीमेलवर. त्यामुळे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपीसोबत आणखी एक कोड किंवा पिन मागणारं दुसरं कुलूप, हवंच. पण ते घाईत चालू केलं, की कधी कधी मालकच बाहेर अडकतो.

बहुतेक वेळा चूक एकच असते, बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना लॉगिनला चालणारे राखीव कोड, न घेणं. गूगल ८ अंकी १० कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. काहीजण त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवतात. गड्डा यात्रेच्या गर्दीत फोन गेला की कोडही गेले! कागदावर उतरवा आणि घरच्या कपाटात पासबुकाशेजारी ठेवा.

दुसरी चूक नवा फोन घेताना होते. जुना फोन दुकानातच रिसेट करून एक्स्चेंजला दिला जातो आणि ऑथेंटिकेटर ॲपमधली (लॉगिनचे कोड फोनवरच तयार करणारं ॲप) खाती पुसली जाऊ शकतात. आधी क्यूआर कोड स्कॅन करून खाती नव्या फोनवर घ्या, तिथल्या कोडने एकदा लॉगिन करून बघा, मगच जुना फोन हातातून सोडा.

ॲपमधला कोड बरोबर टाकूनही ‘चुकीचा कोड’ येतोय? फोनचं घड्याळ तपासा. हा कोड वेळेवरून तयार होतो आणि साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ केली की बहुधा काम होतं.

ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो, हेही बघा. दुकान सोडून गेलेल्या पोराच्या नंबरवर असेल तर आजच बदला. रिचार्जअभावी बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. आणि आपल्या सिमची रेंज अचानक, कारण नसताना गेली, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा. कुणीतरी तुमच्या नावावर नवं सिम काढलेलं असू शकतं.

व्हॉट्सॲपचा ६ अंकी पिन लावताना ईमेलही जोडा. ईमेल नसेल आणि पिन विसरलात, तर तो बदलायला ७ दिवस थांबावं लागतं.

“काका, माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, जरा सांगता का?” असा मेसेज ओळखीच्या नंबरवरून आला तरी कोड देऊ नका. आधी त्या माणसाला फोन लावा, बहुधा त्याचंच खातं कुणीतरी घेतलेलं असतं. पैसे गेले असतील तर नातेवाइकांना विचारत बसू नका, तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.