वसुलीवाल्यांचा फोन आला की या चुका टाळा

हप्ता थकला की माणूस आधी लाजतो, मग घाबरतो आणि घाबरलेल्या अवस्थेत वसुली एजंटला नको ते कबूल करून बसतो. मी वकील नाही, पण ओळखीपाळखीतल्या लोकांचे बँकेला द्यायचे अर्ज लिहून देतो. त्याच त्या चुका निस्तरून आता कंटाळा आलाय.

एजंटला परस्पर पैसे देणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. ओळखीतल्या एका टेम्पोवाल्याचं पर्सनल लोन थकलं होतं. एजंट म्हणाला, "दादा, सत्तर हजारांचं पस्तीसमध्ये मिटवून देतो, पण आजच्या आज. उद्या ऑफर संपली." दादांनी बायकोचं गंठण गहाण टाकलं आणि एजंटच्याच मोबाइल नंबरवर यूपीआयने पैसे पाठवले. पत्र नाही, पावती नाही. पुढे दुसऱ्याच एजन्सीचा फोन आला: बाकी सत्तर हजार, वर व्याज. पहिला एजंट नोकरी सोडून गेलेला. बँक म्हणाली, असं सेटलमेंट आमच्याकडे झालेलंच नाही. एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच, असं रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो. तो दाखवून लेखी तक्रार केली, तेव्हा कुठे ते पस्तीस हजार खात्यात जमा धरले गेले. सवलत मात्र गेली ती गेलीच.

'आजच्या आज' हे शब्द ऐकले की मी सरळ फोन ठेवायला सांगतो. आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र: कर्जखाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरायची तारीख. मग शाखेत जाऊन ते पत्र खरं आहे का, याची खात्री. त्यानंतर पैसे भरायचे ते थेट कर्जखात्यात. शेवटी नो ड्यूज दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचं बँकेचं पत्र, आणि खात्याचा उतारा, तोही मागे लागून घ्यायचा.

सेटलमेंट केलं म्हणजे सुटलो, हा आणखी एक गैरसमज. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' येतं आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की मॅनेजर बरोबर त्याच ओळीवर बोट ठेवतो. जमत असेल तर हप्त्यांची संख्या वाढवून घ्या, पण पूर्ण फेडा. "हप्ते भरणं बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवतो" म्हणत फी उकळणारे सल्लागार हल्ली बोकाळलेत. त्यांच्याकडे धावणाऱ्यांना सगळं झटपट हवं असतं. फी जाते, व्याज चढतं, आणि मग अर्ज लिहायला माझ्याकडे येतात.

खोट्या नोटिशीला घाबरणं, खरी परत पाठवणं

व्हॉट्सअ‍ॅपवर लाल शिक्क्याची, अशोकस्तंभाची पीडीएफ आली की घरात रडारड. आणि पोस्टमन रजिस्टर्ड पत्र घेऊन आला की "सांग, घरी नाहीत." अहो, उलटं करा! नुसता हप्ता थकला म्हणून कोणी अटक करत नाही, तो दिवाणी मामला आहे. पण तुम्ही दिलेला चेक बाउन्स झाला असेल, तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे असतात. नाही भरले, तर चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तरी २००७ च्या पेमेंट कायद्यात तशीच तरतूद आहे. पाकीट घ्यायला नकार दिला तरी नोटीस पोचली असंच सहसा धरलं जातं, त्यामुळे लपून फक्त दिवस वाया जातात.

लोकअदालतीची नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे. जा, बोला, न पटल्यास सही न करता परत या.

बाकीच्या चुका थोडक्यात. सिम बदलू नका. त्यांना तुम्ही सापडला नाहीत तर ते मेहुण्याला आणि ऑफिसला फोन लावतात. खरं तर नातेवाइकांना, मित्रांना असा त्रास देणं नियमात बसत नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला मनाई आहे. एजंट घरी आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा; नसेल तर दारातूनच नमस्कार. शिव्यांना शिव्यांनी उत्तर देऊ नका, रेकॉर्डिंग दोन्हीकडे होतं. तक्रार आधी बँकेकडे, लेखीच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. एकदम लोकपालाकडे उडी मारली की तक्रार परत येते, हे कितीदा सांगितलं तरी अधीर मंडळी ऐकत नाहीत.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर मात्र लोकपाल कामाचा नाही. तिथे सहकार खातं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला निघाला की जप्तीपर्यंत मामला जातो, आणि त्यात जामीनदारही येतो. म्हणून निबंधक कार्यालयाकडून सुनावणीचा कागद आला की जामीनदाराने "कर्ज त्याचं आहे, मला काय" म्हणत घरी बसू नये. तारखेला हजर राहावं, खात्याचा उतारा मागावा आणि म्हणणं लेखी द्यावं.