युरोपात पहिली लांब पल्ल्याची ट्रक ट्रिप आखताय? या चुका टाळा

पहिली ट्रिप हातात आली की नवीन ड्रायव्हर मोबाईलवर मॅप उघडतो आणि किलोमीटर बघतो. समजा रॉटरडॅम ते वेरोना, साडेबाराशेच्या आसपास. मुंबई-दिल्ली चालवलेल्या माणसाला वाटतं हे तर दीड दिवसाचं काम, रात्रभर गाडी हाणली की सकाळी पोचलो. सगळ्या चुका इथूनच सुरू होतात. इथे ट्रिप आखायची ती टॅकोग्राफच्या (तुमचं ड्रायव्हिंग, काम आणि विश्रांती नोंदवणारं गाडीतलं यंत्र, थोडक्यात टॅको) घड्याळावर, किलोमीटर नंतर बघायचे. हे एकदा डोक्यात बसलं ना की बाकीचं अर्धं आपोआप जमतं.

नियम थोडक्यात सांगतो, पाठच करा. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा १० पर्यंत. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं ब्रेक. आठवड्याला जास्तीत जास्त ५६ तास पण लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९० च, म्हणजे एका आठवड्यात ५६ घातले तर पुढच्यात ३४ उरतात. रोजची विश्रांती ११ तास, दोन वीकली रेस्टच्या (आठवड्याची मोठी सलग विश्रांती) मधे तीनदा ती ९ तासांवर आणता येते. आणि ही विश्रांती तुम्ही काम सुरू केल्यापासून २४ तासांच्या आत पूर्ण झाली पाहिजे. नवीन माणूस अडकतो तो या शेवटच्या वाक्यात.

आता वरचीच ट्रिप घ्या, शुक्रवारची. तुम्ही सकाळी ६ ला टॅकोत आपलं ड्रायव्हर कार्ड टाकलं, लोडिंगला पोचलात, आणि वेअरहाऊसवाल्यांनी माल द्यायला ११ वाजवले. तुम्हाला वाटतं मी तर अजून एक किलोमीटर चालवलेलं नाही, माझे ९ तास शाबूत आहेत. ड्रायव्हिंगचे शाबूत आहेत, खरंय, पण दिवसाचं घड्याळ ६ लाच सुरू झालं. ११ तासांची विश्रांती घ्यायची तर संध्याकाळी ७ ला गाडी थांबलीच पाहिजे, ९ तासांची घेतली तर रात्री ९ ला. ७ पर्यंत ब्रेक धरून सव्वासात तास चालवाल, ताशी सरासरी ७० धरा (याच्या वर कधीच धरू नका), म्हणजे पाचशे किलोमीटर, वुर्झबर्गच्या अलीकडे कुठेतरी. शनिवारी सकाळी ६ ला निघालात तर ऑस्ट्रियाची हद्द, कुफस्टाईन, अजून चारशे किलोमीटरच्या वर, ब्रेकसकट दुपारचा १ वाजणार. आणि ऑस्ट्रियात ट्रकला शनिवारी दुपारी ३ ते रविवारी रात्री १० बंदी. कुफस्टाईन ते ब्रेनर, म्हणजे इटलीच्या हद्दीवरचा घाट, ११० किलोमीटर, त्यातला शेवटचा भाग चढ. कागदावर पावणेतीनला इटलीत शिरताय, पण म्युनिकच्या रिंगरोडवर अर्धा तास ट्रॅफिक लागलं की खेळ संपला, पुढचे ३१ तास जागेवर.

मग करायचं काय? माल गुरुवारी उचलता येतो का हे आधी विचारा. नसेल तर शुक्रवारी ९ तासांची विश्रांती वापरा आणि दोन तास पुढे सरका, आठवड्यातल्या तीन सवलतींपैकी एक अशाच दिवसासाठी असते, ती सोमवारीच उगाच उडवू नका. आणि तेही जमत नसेल तर डिस्पॅचरला शुक्रवारी दुपारीच स्पष्ट सांगा की सोमवारी सकाळी पोचेन, शनिवारी अडीच वाजता फोन करून काहीच उपयोग नसतो.

प्रत्येक देशाची वीकेंड बंदी वेगळी असते हे बऱ्याच जणांना रस्त्यावर कळतं. जर्मनीत साडेसात टनांवरच्या ट्रकला रविवारी ००:०० ते २२:००, जुलै-ऑगस्टमधे ठराविक ऑटोबानवर (जर्मन एक्सप्रेसवे) शनिवारीही सकाळी ७ ते रात्री ८. फ्रान्समधे शनिवारी रात्री १० ते रविवारी रात्री १०. इटलीत रविवारी दिवसभर, उन्हाळ्यात सकाळी ७ पासूनच. स्वित्झर्लंडमधे रविवार तर आहेच शिवाय रोज रात्री १० ते पहाटे ५ ट्रक चालतच नाही. नाशवंत मालाला काही ठिकाणी सूट असते पण ती तुमच्या मालाला लागू आहे का हे निघायच्या आधी कागदावर बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. सणांचे दिवसही वेगळे, जर्मनीत तर राज्यागणिक सुट्ट्या बदलतात. आणि ऑस्ट्रियाच्या टिरोल राज्यात वर्षातल्या ठराविक दिवशी पहाटेपासून कुफस्टाईनला ट्रक मोजून सोडतात, जर्मन बाजूला किलोमीटरच्या किलोमीटर रांग लागते. त्या तारखा आधीच जाहीर होतात, कॅलेंडर डाउनलोड करून ठेवा.

टॅकोची बटणं

हे वाचायला फालतू वाटेल पण दंडाची बरीचशी भानगड इथेच होते. टॅकोवर चार चिन्हं: स्टिअरिंग (ड्रायव्हिंग), दोन हातोडे, पलंग (विश्रांती) आणि तिरकी रेघ असलेला चौकोन (नुसतं वाट बघत थांबणं). बऱ्याच टॅकोत गाडी थांबली की आपोआप हातोडे येतात, म्हणजे 'इतर काम'. तुम्ही गाडी लावली, पलंग दाबायला विसरलात, आरामात जेवलात, ४५ मिनिटांनी निघालात. तुमच्या दृष्टीने ब्रेक झाला, टॅकोच्या दृष्टीने तुम्ही पाऊण तास काम करत होतात आणि आता साडेचार तासांच्या वर चालवताय. म्हणून हँडब्रेक ओढला की पहिला हात टॅकोवर गेला पाहिजे, सवयच लावून घ्या. उलटी चूक पण तितकीच वाईट, माल भरताना बेल्ट तुम्ही आवळताय आणि टॅको पलंगावर, हे कंट्रोलवाल्यांना लगेच कळतं कारण सीएमआरवर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, लोडिंगची वेळ असते.

४५ मिनिटांचा ब्रेक तोडता येतो, पण आधी १५ आणि मग ३०, याच क्रमाने. आधी ३० घेतले आणि नंतर १५, तर धरत नाहीत. आणि ब्रेक चालू असताना कुणी काच वाजवून म्हणालं भाऊ गाडी जरा पुढे घे, तर ती पुढे घेतलेली एक मिनिटसुद्धा ब्रेक तोडते. रात्रीच्या विश्रांतीत असं झालं तर अख्खी विश्रांती वाया जाऊ शकते, म्हणून गाडी लावतानाच अशी लावा की कुणाची वाट अडणार नाही.

टॅको आतून यूटीसी (जगभराची प्रमाण वेळ) वर चालतो. डिस्प्लेवर लोकल वेळ दिसत असली तरी प्रिंटआऊटवर जर्मनीच्या घड्याळापेक्षा उन्हाळ्यात दोन तास मागची आणि हिवाळ्यात एक तास मागची वेळ येते. पोलिसासमोर प्रिंट बघून घाबरू नका आणि त्यावरून हिशोबही चुकवू नका. कार्ड बाहेर असतानाचा वेळ परत टाकताना मॅन्युअल एंट्रीने भरायचा, तो रिकामा सोडू नका. ३१ डिसेंबर २०२४ पासून चालू दिवस आणि मागच्या ५६ दिवसांची नोंद दाखवावी लागते, आधी २८ दिवस पुरायचे, त्यामुळे जुनी कंपनी नुकतीच सोडली असेल तर तिथल्या दिवसांचंही उत्तर तुमच्याकडे हवं.

आणि अडकलातच, म्हणजे अपघातामुळे रस्ता बंद झाला आणि वेळ संपली, तर सुरक्षित जागी पोचेपर्यंत चालवायची मुभा नियमातच आहे. पोचल्या पोचल्या प्रिंटआऊट काढा आणि त्याच्या मागे हाताने कारण लिहा, कुठे, कधीपासून, कशामुळे. रोजच्या गर्दीसाठी मात्र हे चालत नाही, पार्किंग मिळालं नाही हे कारण सारखंसारखं लिहिलेलं दिसलं तर कुणी ऐकून घेणार नाही.

पार्किंग आधी, रूट नंतर

संध्याकाळी ६-७ नंतर जर्मनीतल्या ऑटोबानवर ट्रकला जागा मिळणं फार कठीण. एका रेस्ट एरियात शिरायचं, फुल्ल, पुढच्यात, तोही फुल्ल, आणि टॅकोवर १२ मिनिटं उरलीत. मग माणूस आत शिरायच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला कुठेतरी गाडी लावतो, आणि रात्री अंधारात वेगाने आत येणारी दुसरी गाडी मागून ठोकते. यात माणसं मेलीत. म्हणून ट्रिप आखताना आधी रात्री कुठे थांबणार ती जागा ठरवा, तिच्या अर्धा तास अलीकडची दुसरी जागा ठरवा, आणि तासभर ड्रायव्हिंग शिल्लक असतानाच थांबायची मनाची तयारी ठेवा. ऑटोबानवरून उतरून एक-दोन किलोमीटरवर ऑटोहोफ (ट्रकवाल्यांचे खासगी थांबे) असतात, पैसे लागतात, पण बऱ्याच ठिकाणी पार्किंगच्या पावतीवर जेवणात सूट मिळते, आंघोळीची सोय असते, उजेड असतो. दहा-पंधरा युरो वाचवायला अंधाऱ्या इंडस्ट्रियल गल्लीत थांबू नका, रात्रीतून ताडपत्री ब्लेडने कापून माल बघतात, डिझेल काढतात. टाकीला कुलूप लावा.

४५ तासांची पूर्ण वीकली रेस्ट केबिनमधे घ्यायला बंदी आहे, कंपनीने राहायची सोय करायची असते आणि तिचा खर्च कंपनीचा. "सगळे गाडीतच झोपतात" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, झोपेच्या जागेचं पहिल्याच ट्रिपआधी लेखी विचारून घ्या. २४ तासांची छोटी वीकली रेस्ट गाडीत चालते.

कागद

भारतातलं हेवी लायसन्स आणि वीस वर्षांचा अनुभव असला तरी इथे कामासाठी सी+ई (ट्रक आणि ट्रेलरचं लायसन्स) आणि त्यावर कोड ९५ (व्यावसायिक ड्रायव्हरच्या ट्रेनिंगची नोंद) लागतो, शिवाय स्वतःच्या नावाचं ड्रायव्हर कार्ड. दुसऱ्याचं कार्ड वापरायला कुणी सांगितलं तर तिथेच नोकरी सोडा, हा गुन्हा आहे. युरोपियन युनियनच्या कंपनीत भारतीय पासपोर्टवर काम करत असाल तर ड्रायव्हर अटेस्टेशनची (तुम्ही त्या कंपनीत कायदेशीर कामाला आहात याचा दाखला) मूळ प्रत गाडीत हवी, मोबाईलमधला फोटो धरत नाहीत. एजंटला लाखो रुपये देण्याआधी या चार गोष्टींचा खर्च आणि वेळ कोण देणार हे विचारा.

कारचं नॅव्हिगेशन वापरू नका. गुगल मॅपला तुमची ४ मीटर उंची, साडेसोळा मीटर लांबी आणि ४० टन वजन माहीत नसतं, तो तुम्हाला गावातल्या कमानीखाली नेऊन उभा करेल. ट्रकचं नॅव्हिगेशन घ्या, त्यात मापं स्वतः भरा, आणि आधीच्या ड्रायव्हरने काय भरलंय ते तपासल्याशिवाय निघू नका. चुकून अरुंद रस्त्यात शिरलातच तर तिथेच थांबा, हॅझर्ड लावा, पोलिसांना फोन करून त्यांच्या मदतीने रिव्हर्स घ्या. अंदाजाने ट्रेलर मागे घेऊन सायकलवाल्याच्या अंगावर घालण्यापेक्षा तासभर लाज परवडली.

टोलच्या डबीचं (टोल आपोआप मोजणारं गाडीतलं यंत्र) पण तसंच. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, पोलंड सगळ्यांची सिस्टिम वेगळी, एक डबी अनेक देशांत चालते पण तुमच्या डबीत कुठले देश चालू आहेत ते बघा. अॅक्सलची संख्या चुकीची भरली तर कमी टोल भरला म्हणून दंड. बेल्जियममधे तर रस्ता टोलचा असो नसो, डबी चालूच हवी.

वजनात लोक ४० टन बघतात आणि निर्धास्त होतात. ड्राइव्ह अॅक्सलवर साडेअकरा टनांची मर्यादा असते, जड माल पुढच्या बाजूला दाटला की एकूण वजन ३८ टन असूनही तिथे ओव्हरलोड. शंका असेल तर वजनकाट्यावर जा, लोडिंगच्या जागीच माल सरकवून घेता येतो, हायवेवर पोलिसाने थांबवल्यावर क्रेन मागवायची वेळ येते. बेल्ट बांधताना लक्षात ठेवा, जोरात ब्रेक मारला तर मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढे जातो असं धरून बांधायचं असतं, बाजूला आणि मागे ५० टक्के. खाली रबरी मॅट घाला, पन्नासेक किलोमीटरवर एकदा थांबून रॅचेट परत आवळा, माल बसला की बेल्ट सैल पडतात.

चालवताना आपल्या लोकांकडून होणारी सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे अंतर. जर्मन ऑटोबानवर ५० च्या वर स्पीड असेल तर ट्रकने पुढच्या गाडीपासून ५० मीटर ठेवायचे, कॅमेऱ्याने मोजतात. ट्रॅफिक तुंबलं की अँब्युलन्ससाठी डावीकडची लेन आणि तिच्या शेजारची लेन यांच्या मधे वाट मोकळी ठेवायची, तुम्ही उजवीकडे सरका. गावात उजवीकडे वळताना चालण्याच्या वेगाने वळायचं, हा तिथला कायदा आहे, कारण त्या बाजूला आरशात न दिसणारा सायकलवाला असतो. आपल्याला गाड्या डाव्या बाजूने चालवायची सवय, त्यामुळे दमल्यावर, पंपातून बाहेर पडताना, सकाळी सकाळी रिकाम्या रस्त्यावर हात चुकीच्या बाजूला जातो, तेव्हा सावध राहा. ब्रेनरच्या उतारावर बोरघाटासारखंच, आधी गिअर आणि रिटार्डर (चाकाचे ब्रेक न वापरता वेग कमी करणारी यंत्रणा), ब्रेक शेवटी.

थंडीत जाणार असाल तर ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल ड्राइव्ह अॅक्सलला विंटर टायर लागतात आणि साखळ्या गाडीत हव्यात. त्या चढवायचा सराव यार्डातच करा. दक्षिण इटलीत किंवा स्पेनमधे टाकी फुल्ल करून आल्प्सच्या थंडीत गेलात तर तिथलं डिझेल गोठून फिल्टर चोक होतो, उत्तरेकडे येताना टाकी थोडी रिकामी ठेवा आणि थंड भागातलं विंटर डिझेल भरा. अॅडब्लू (एक्झॉस्टचा धूर साफ करणारं द्रव) उणे ११ ला गोठतं. ट्रेलरच्या छपरावरचा बर्फ काढल्याशिवाय निघू नका, मागच्या कारच्या काचेवर ती लादी पडते.

माल उतरवताना घाई होते, सीएमआर म्हणजे आपली बिल्टी समजा, भरतानाच पॅकेट मोजा, फाटलेलं-ओलं काही दिसलं तर १८ नंबरच्या रकान्यात लिहूनच सही करा. मोजू दिलं नाही तर तेही लिहा. उतरवल्यावर २४ नंबरच्या रकान्यात समोरच्याची सही, शिक्का, तारीख आणि वेळ वाचता येतेय ना बघा, युरो पॅलेट किती दिले किती परत मिळाले याची वेगळी चिठ्ठी घ्या, दोन्हीचा फोटो डिस्पॅचरला पाठवा, आणि त्याचा ओके आल्यावरच रॅम्पवरून गाडी काढा.