जुनी गाडी बनवायची की भंगारात द्यायची: आधी खाली वाकून पाहा

एसटीच्या वर्कशॉपात पत्राकाम करून मी रिटायर झालो, आता दारव्ह्याला घरीच असतो. तरी दिवाळीनंतर, कापसाचे पैसे हातात आले की कोणी ना कोणी येतोच. "काका, आबाची जीप कोठ्यात पडून हाये. बनवाव का काटून टाकाव, एकडाव पाहून सांगा न." कोठा म्हणजे आमच्याकडे गुरांचा गोठा.

पाहायला गेलो की पोरगा आधी बोनट उघडतो. मी म्हणतो, बंद कर. इंजिन बांधून मिळतं, गिअरबॉक्स मिळतो. महिंद्राच्या जुन्या जीपचं, त्यातल्या प्युजो डिझेल इंजिनचं सामान आजही निघतं. राजदूत, चेतकचंही शोधलं की सापडतं. गाडीचा निकाल लागतो तो खालच्या लोखंडावर आणि कपाटातल्या कागदांवर.

लोखंडापासून सुरुवात करा. जॅक, लाकडी ठोकळे, जाड पेचकस, लहान हातोडी, टॉर्च आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, एवढं पुरतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी घुसायचं नाही. गंजलेल्या गाडीत जॅक लावायची जागाच आधी बसते.

खाली गेल्यावर पहिले माती खरवडा. आपली काळी माती मडगार्डात आणि चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, कोपऱ्यांत एकदा बसली की आपोआप निघत नाही. पावसाळाभर ओल धरून ठेवते, गंज तिच्याआडच वाढतो. माती निघाली की हातोडीने चेसिस पुढून मागे वाजवत जा, वीत-वीत अंतरावर. शाबूत लोखंड टणटण बोलतं. जिथे आवाज भद येतो तिथे पेचकसाचं टोक रेटून दाबा. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून सडलेला भाग पापुद्रे धरून फुगतो आणि पाहणाऱ्याला उलट जाड, मजबूत वाटतो. पेचकस लागला की पापुद्रा सुटतो आणि मागची जाळी दिसते. पेचकस नुसता खरडून लाल भुकटी निघाली आणि खाली पांढरं लोखंड दिसलं, तर तो वरवरचा गंज. त्याची चिंता नाही.

स्प्रिंगच्या पाट्या टांगतात ते हँगर, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि क्रॉस मेंबरचे, म्हणजे चेसिसच्या आडव्या दांड्यांचे, सांधे इथे पेचकस आरपार गेला तर माझं उत्तर नाही असंच असतं. वरून पट्टी मारून वेल्डिंग करून देणारे तालुक्याला पुष्कळ आहेत. पण सडलेल्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही, आजूबाजूचा पत्राही जळून जातो. वर्षभराने त्याच पट्टीच्या काठाला चीर जाते, आणि ती चीर घरी उभ्या गाडीत जात नाही, घाटात जाते.

फ्लोअर, मडगार्ड, दाराचे खालचे काठ सडले असतील तर मात्र घाबरू नका. जीपची बॉडी चेसिसवर बोल्टांनी बसलेली असते, पत्रा कापून नवा टाकता येतो. स्कूटरचं तसं नाही. बजाज चेतकला वेगळी चेसिसच नाही, पत्र्याची बॉडी हीच चेसिस. पाय ठेवतो तो पत्रा आणि त्याच्याखालच्या आडव्या पट्ट्या गेल्या असतील तर स्टँडवर उभी चेतकसुद्धा वाकते. तिथे रंग पाहून भुलू नका.

गाडी कुठे उभी होती, तेही विचारा. कोठ्यातली गाडी बाहेर निंबाखाली उभ्या गाडीपेक्षा जास्त सडते, हे लोकांना पटत नाही. छप्पर होतं ना, म्हणतात. छप्पर होतं, पण खाली शेणामुताची ओल होती, आणि बाजूला खताची थप्पी. सांडलेलं खत हवेतली ओल ओढून घेतं आणि तो खार पत्रा खातो. ज्या जीपने युरिया-पोटॅश वाहिलं तिची मागची रबरी चटई उचलल्याशिवाय काही ठरवू नका.

रंग चकचकीत असेल तर जास्त संशय घ्या. चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

आता कागद. आरसी कोणाच्या नावावर आहे? बहुतेक वेळा गेलेल्या माणसाच्या. मालक गेला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं, असा नियम आहे. तेरवीच्या धावपळीत गाडीची आरसी कोणाला आठवते? म्हणून वारसांच्या सह्या आता जमवाव्या लागतात, बहिणींच्यासुद्धा. दिग्रसकडच्या एका घरी चेसिस खणखणीत निघाली, भाऊ खर्चाला तयार होते. पण आरसीवर कधीकाळच्या कर्जाचा बोजा तसाच होता आणि बहिणींना कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, पोळ्याला सगळे गावी आले की बसून बोला, तोवर पान्याला हात लावू नका. त्यांनी ऐकलं, आणि मोठ्या बहिणीनेच बोजा उतरवायची पावती आपल्या ट्रंकेतून काढून दिली.

जुन्या पुस्तकी आरसीची गाडी ऑनलाइन नोंदीत दिसते का, ते मोबाईलवर सरकारच्या वाहन पोर्टलवर पाहून घ्या. दिसत नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून, घ्यावी लागते. त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, नवीन नंबर प्लेटसुद्धा नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला ही फी मोटारसायकलसाठी २,००० आणि जीप-कारसाठी १०,००० रुपये झाली आहे. पर्यावरण कर, विमा आणि उशिराचा दंड वेगळा.

गाडी पन्नास वर्षांवरची असेल तर २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदता येते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. बाजाराला जायला नाही.

चेसिस नंबर हे सगळ्यात नाजूक काम. आरटीओ तोच पाहतो. पोरं हौसेने ग्राइंडर फिरवतात आणि अर्धे आकडे उडवून बसतात. तिथे ग्राइंडर नाही, तारेचा ब्रशही जपून. रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये कापूस भिजवून रात्रभर दाबून ठेवा, सकाळी जुन्या दातब्रशने घासा. मग खडू चोळा आणि फडक्याने हलकेच पुसा, आकड्यांत खडू राहतो. वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा. छाप आरसीशी अक्षर-अक्षर जुळली तर पुढे चला. नाही जुळली तर रंगाचा डबाही आणू नका.

एवढं पार पडलं की बोनट उघडा. इंजिन जाम असेल तर ट्रॅक्टर लावून ओढू नका, रिंगा तुटतात. डिझेलचे इंजेक्टर किंवा पेट्रोलचा प्लग काढून आत थोडं तेल सोडा, काही दिवस राहू द्या, मग हँडलने किंवा पान्याने हळूहळू फिरवा. पेट्रोल गाडी असेल तर टाकीचा गंज काढणं आणि सगळे रबरी पाइप बदलणं धरून चाला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही.

खर्चाचा आकडा एकाच मिस्त्रीकडून घेऊ नका. पत्रावाला, इंजिनवाला, वायरिंगवाला यांना वेगवेगळं विचारा, बेरीज करा आणि वर निम्मे धरा. मग घरात विचारा, चालवणार कोण? सगळे नागपूर-पुण्याला आणि गावी एकटी आई, तर चांगल्या चेसिसच्या गाडीलाही मी नको म्हणतो. उलट वावरात जायला रोज लागत असेल तर थोडं जास्त लागलं तरी चालेल. हरियाणातल्या डबवालीहून नवीकोरी बॉडी आणून मोठे टायर चढवायचे असतील, तर मला विचारू नका. कंपनीच्या नोंदीपेक्षा गाडी बदलायला कायद्यात मनाई आहे, पोलिसाला ती लांबूनच दिसते.

पत्रा आणि रंग दिवाळी ते होळी या काळातच करा. पावसाळ्यात उघड्या पत्र्यावर रात्रीतून गंज चढतो, मे महिन्यात रंग नीट बसायच्या आत वाळतो.

भंगारात द्यायचं ठरलं तर नुसती वजनावर देऊन मोकळे होऊ नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द करून घ्या. नोंद तुमच्या नावावर जिवंत राहिली तर उद्या त्या नंबराचं लफडं तुमच्या दारी येतं.

ठरतच नसेल तर निदान गाडी कोठ्यातून बाहेर काढा. चाकं ठोकळ्यांवर उचला, बॅटरी काढा, माती धुऊन दोन दिवस उन्हात वाळू द्या. वर प्लॅस्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, आत घाम धरतो. चार बांबूंवर टिनपत्रे टाका आणि चारही बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा.