बालेवाडीची बंद पडलेली चॅलेंजर ठाण्यात बसून कशी शोधायची

२०२५च्या गणपतीत नौपाड्यात काकांकडे जमलो होतो. आपला टेनिसपटू युकी भांब्री तेव्हा यूएस ओपनच्या दुहेरीत सेमीपर्यंत गेला होता, त्यावरून विषय निघाला आणि काका म्हणाले, "अरे हाच पुण्यात टाटावाली जिंकला होता ना सिंगल्सला?" मी म्हटलं काका ती टाटा ओपन नव्हती, ती बालेवाडीची चॅलेंजर, म्हणजे एक पायरी खालची, वेगळी स्पर्धा. काका ऐकेनात, मोदक गार झाले, आणि गंमत म्हणजे माझ्याकडे दाखवायला पुरावा पण नव्हता. म्हणून नंतर बसून सगळं खणून काढलं. कुणाला अशीच एखादी बंद पडलेली छोटी स्पर्धा शोधायची असेल तर माझी पद्धत सांगतो, उदाहरण हेच.

आधी पायरी ओळखा. वर ग्रँड स्लॅम, मग एटीपी टूरच्या (पुरुषांचं व्यावसायिक टेनिस) १०००, ५००, २५० वाल्या, आकडे म्हणजे विजेत्याचे गुण, त्याखाली चॅलेंजर (हा प्रकार १९७८ पासून आहे), आणि अजून खाली आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, ज्यांना आधी फ्युचर्स म्हणायचे आणि आता एम१५, एम२५ म्हणतात. बातमीत सगळ्यांनाच "आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा" लिहितात, तिथेच निम्मा घोळ होतो.

आता मुख्य गोष्ट. स्पर्धेच्या नावामागे धावू नका, नाव स्पॉन्सरचं असतं आणि स्पॉन्सर बदलला की नाव गेलं. शहर, कोर्ट आणि आठवडा, हे तीन धरा. बालेवाडीचंच बघा ना, २०१८ आणि २०१९ मध्ये त्याच संकुलात वर्षातून दोनदा मोठं टेनिस झालं. जानेवारीत टाटा ओपन महाराष्ट्र, म्हणजे २५०, जी २०१८ ला जिल सिमॉन आणि २०१९ ला केविन अँडरसन जिंकला. आणि नोव्हेंबरमध्ये केपीआयटी एमएसएलटीए चॅलेंजर (केपीआयटी स्पॉन्सर, एमएसएलटीए राज्याची टेनिस संघटना), आपली ती हीच. आता तुम्ही नुसतं "पुणे टेनिस २०१८" टाकलंत तर दोन्ही एकत्र येऊन आदळणार, आणि टाटाचीच खिचडी वर येणार कारण ती मोठी. महिना टाका, निम्मं काम होतं.

दुसरं, "बंद पडली" आणि "दुसरीकडे गेली" यात फरक आहे. टाटावाली २५० आधी १९९६ ला दिल्लीत, १९९७ पासून चेन्नईत, २०१८ पासून पुण्यात, आणि २०२३ नंतर हाँगकाँगला. बिऱ्हाड हललं, एवढंच. केपीआयटीवाली मात्र २०१४ ला सुरू झाली, २०१९ नंतर ते नाव कॅलेंडरवर दिसतच नाही. अशा वेळी पुढचा धागा शोधण्यात वेळ घालवू नका, जेवढी वर्षं झाली तेवढी नीट लावा.

विजेत्यांची यादी लावताना मी हरलेल्यांच्या मागे जातो. विजेता सगळीकडे सापडतो पण यादी तपासायला उपविजेता जास्त उपयोगी पडतो, कारण चुकीच्या यादीत तोच गडबडलेला असतो. केपीआयटीची यादी अशी: २०१४ युइची सुगिता, २०१५ युकी, २०१६ ला फ्रान्सचा सादियो डुंबिया, ज्याने फायनलला प्रज्ञेश गुणेश्वरनला हरवलं. २०१७ परत युकी, समोर रामकुमार रामनाथन, म्हणजे अख्खी फायनल आपलीच. २०१८ ला स्वीडनचा एलियास इमर, आणि समोर परत प्रज्ञेश! बिचारा आदल्याच आठवड्यात बंगळुरूची चॅलेंजर जिंकून आला होता. २०१९ ला जेम्स डकवर्थने जे क्लार्कला हरवलं, आणि हाच क्लार्क २०१७ ला बंगळुरूच्या फायनलला सुमित नागलकडून हरला होता. एका खेळाडूचं वर्षभराचं पान उघडलं की शेजारच्या आठवड्यातल्या स्पर्धा पण हाताला लागतात, आणि तारखा एकमेकींना तपासतात.

ड्रॉ शीट, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता, मिळाली तर आकार बघा. २०१८ पर्यंत चॅलेंजरच्या सिंगल्सचा मुख्य ड्रॉ ३२ जणांचा, २०१९ ला ४८ चा होता आणि पहिल्या १६ सीडना (मानांकित खेळाडूंना) पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढे. मला पहिल्यांदा वाटलं शीट अर्धवट छापलीय, तसं नाहीये. आणि दुहेरीत तिसऱ्या सेटच्या जागी १०-८ असा आकडा दिसला तर तो टायब्रेक, टायपिंगची चूक नाही.

जुन्या वेबसाइट बंद झालेल्या असतात, त्यासाठी वेबॅक मशीन, म्हणजे जुनी वेबपानं जपून ठेवणारी साइट. स्पर्धेच्या आठवड्यातली आणि त्यानंतरच्या दोनतीन दिवसांतली सेव्ह झालेली पानं उघडा. मराठीत शोधताना स्पेलिंग बदलून बघा, भांब्री, भांबरी, युकी, यूकी, सगळं टाका, पेपरवाल्यांचं एकमत नसतं.

आता कागद. ठाणेकर असाल तर मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच, १८९३ सालचं, पेपरच्या जुन्या फायली कुठल्या वर्षांच्या आहेत ते आधी विचारून मग जा. नाहीतर सरळ सीएसएमटी गाठा आणि टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी, वाशी-नेरूळवाल्यांना हार्बरने थेट जाता येतं. एक कामाची गोष्ट, चॅलेंजरची फायनल रविवारीच असेल असं धरून सोमवारचा अंक मागू नका. २०१७ ची फायनल शनिवारी, १८ नोव्हेंबरला झाली, म्हणजे अंक १९ तारखेचा हवा. मी सोमवारचा घेऊन तासभर बसलो होतो, त्यात क्रिकेटशिवाय काही नव्हतं.

हौस असेल तर बालेवाडीला जाऊन या, मुंबईकडून जाणारी बस वाकडला सोडते, तिथून जवळच. संकुल १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं. कोर्ट बघितलं की जुन्या फोटोतली स्टँड ओळखू येतात, आणि फोटोखाली तारीख नसेल तर त्याचा फायदा होतो.

शेवटचा वाद महा ओपनचा. आता बालेवाडीत फेब्रुवारीच्या सुमारास महा ओपन चॅलेंजर होते, तीच ही केपीआयटीवाली का? माझ्या मते नाही, स्पॉन्सर वेगळा, आठवडा वेगळा, मध्ये खंड पडलेला. कोर्ट तेच म्हणून काहीजण एकाच यादीत टाकतात. २०२४ ला ती व्हॅलेंटिन वाशेरो जिंकला, तोच जो २०२५ ला २०४ व्या रँकवरून शांघाय मास्टर्स जिंकला, त्यामुळे ते नाव आपल्या यादीत घालायचा मोह फार होतो. मी घातलं होतं, नंतर खोडलं. त्याच्यासाठी वेगळं पान करा.