टीटी-बारचे फॉर्म फॅक्टर: एसच्या वर्गमूळावर विसंबू नका

कोल्हापुरात फिजिक्समध्ये पीएच.डी. करतोय म्हटलं की समोरचा विचारतो, "थिन फिल्म का?", म्हणजे पदार्थांचे पातळ थर. इंटिग्रेबल थिअरी, म्हणजे नेमकी सोडवता येणारी क्वांटम फील्ड थिअरी, म्हटलं की बोलणं तिथंच थांबतं. या विषयात येणाऱ्यानं हे एकटेपण धरूनच यावं. आकडेमोड दाखवायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून माझी एक चूक चार महिने तशीच राहिली.

टीटी-बार डिफॉर्मेशन म्हणजे स्ट्रेस-एनर्जी टेन्सरपासून बनलेलं पद वापरून थिअरी बदलणं. त्यात एस-मॅट्रिक्सला (दोन कणांच्या टकरीचं गणित, पुढं नुसतं एस) सीडीडी फॅक्टर, म्हणजे एसचे नियम न मोडणारा जादा गुणक, गुणला जातो. त्याचा घातांक धरा उणे आय अल्फा साइनएच थीटा; थीटा म्हणजे दोन कणांच्या रॅपिडिटीतला (वेग मोजायच्या एका मापातला) फरक, अल्फा म्हणजे डिफॉर्मेशन किती ते. फॉर्म फॅक्टर म्हणजे एखादं फील्ड निर्वातातून कण कसे निर्माण करतं, ते सांगणारं फंक्शन; त्याची दोन कणांसाठीची मूळ वीट म्हणजे मिनिमल फॉर्म फॅक्टर. त्याला दोन अटी. थीटाचं चिन्ह उलटवलं की मध्ये एस आला पाहिजे. आणि थीटाच्या जागी आय-पाय अधिक यू घाला किंवा आय-पाय उणे यू, यू कुठलाही असो, किंमत सारखीच हवी.

मी सरळ एसमधल्या या सीडीडी फॅक्टरचं वर्गमूळ घेतलं, म्हणजे घातांक निम्मा, आणि ते आयझिंगच्या, म्हणजे चुंबकाच्या सगळ्यात साध्या मॉडेलच्या, मिनिमल फॉर्म फॅक्टरला गुणलं. पहिली अट एका ओळीत बसली. अल्फा शून्य केला, आयझिंगचं जुनं उत्तर मिळालं. झालं, लागलो कोड लिहायला. पण अल्फा कितीही बदला, टू-पॉइंट फंक्शनचा (दोन जागांच्या फील्डमधला संबंध सांगणाऱ्या फंक्शनचा) आलेख हलेना! त्यात फॉर्म फॅक्टरच्या मापांकाचा वर्ग येतो. हलणार कसा? वास्तव थीटासाठी त्या वर्गमूळाचं मापांक नेहमी 1.

दुसरी अट मी कागदावर मांडलीच नव्हती. आय-पाय अधिक यू घातलं की घातांक होतो अधिक आय अल्फा साइनएच यू भागिले दोन. यू उलटवा, चिन्ह बदलतं. अट मोडली. बरोबर घातांक असा: अल्फा भागिले दोन-पाय, गुणिले थीटा उणे आय-पाय, गुणिले साइनएच थीटा. आता यू आणि साइनएच यू, दोन विषम फंक्शन गुणली जातात, म्हणून उत्तर सम. मापांकही बदलतं: अल्फाच्या एका चिन्हाला ते झपाट्यानं विरतं, दुसऱ्याला इतकं फुगतं की टू-पॉइंट फंक्शनचं इंटिग्रल हाताबाहेर जातं. अल्फा शून्य करून पाहण्याची तपासणी यात कामाची नाही. चूक उत्तरही तिथं पास होतं.

घाबरू नका, हे सगळं दोन पानांचं गणित आहे. मात्र दोन्ही अटी पाळूनही उत्तर एकमेव नसतं. बीटा (कुठलाही स्थिरांक) गुणिले कॉशएच थीटा घातांकात मिळवला तरी दोन्ही अटी पाळल्या जातात. कास्त्रो-अल्वारेदो, नेग्रो आणि साइलिस यांचे 2023 चे पेपर याच प्रश्नाशी भिडतात. त्याआधी वाचा टीटी-बार डिफॉर्मेशनवरचा स्मिर्नोव्ह-झामोलोद्चिकोव्ह यांचा पेपर, 2016. सारांश वाचून भागत नाही, माझं भागलं नाही.

गाइडबद्दल माझं मत ठाम आहे. विषय न जाणणारे, पण प्रत्येक ओळीला "हे कुठून आलं?" विचारणारे सर मिळाले तर सोडू नका. फक्त शेवटचा आलेख बघणाऱ्यांपेक्षा ते कितीतरी बरे.

सुरुवात आयझिंगपासून करा. एस उणे एक, मिनिमल फॉर्म फॅक्टर साइनएच थीटा-बाय-टू. दोन्ही अटी हातानं तपासा, मगच अल्फा आणा. अडलात तर रविवारी सकाळी मी रंकाळ्यावर असतो. वही घेऊन या.