‘फिर्टल ड्राय’ म्हणजे नक्की किती वाजले?

जर्मन शिकताना घड्याळाच्या धड्यात सगळ्यांत जास्त घोळ घालणारा शब्द म्हणजे ‘फिर्टल’. ‘फिअर’ म्हणजे चार, ‘टाइल’ म्हणजे भाग. दोन्ही जुळून, झिजून ‘फिर्टल’ झाला, म्हणजे पाव. अर्थ सगळीकडे तोच, पण पाव कशाचा धरायचा, हे प्रांतागणिक बदलतं.

हॅम्बुर्ग-कोलोनकडे सोपं आहे. ‘नाख’ म्हणजे नंतर, ‘फोर’ म्हणजे आधी; ‘त्स्वाय’ म्हणजे दोन, ‘ड्राय’ म्हणजे तीन. ‘फिर्टल नाख त्स्वाय’ म्हणजे सव्वादोन, ‘फिर्टल फोर ड्राय’ म्हणजे पावणेतीन. बर्नमध्ये ‘नाख’ऐवजी ‘अब’ ऐकू येईल.

ड्रेस्डेन, लाइपझिग, स्टुटगार्ट किंवा व्हिएन्नात मात्र नुसतं ‘फिर्टल ड्राय’ म्हणतात, आणि ते असतं सव्वादोन! दोन वाजून गेले की तिसरा तास लागतो. त्याचा पाव सरला की २:१५. अर्धा सरला की ‘हाल्ब ड्राय’, २:३०. पाऊण सरला की ‘ड्रायफिर्टल ड्राय’, २:४५. म्हणून ऐकलेल्या आकड्यातून आधी एक वजा करा, मग पाव, अर्धा किंवा पाऊण मिळवा.

‘हाल्ब’ तर सगळ्याच प्रांतांत असा चालतो. त्याला साडेतीन समजलात, तर तासभर उशिरा पोहोचाल. खरं तर हा हिशोब आपल्याला परका नाही: ‘अडीच’ हा संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे तिसरा अर्धा. तेव्हा ‘हाल्ब ड्राय’ ऐकलं की थेट ‘अडीच’ म्हणा, मधे साडेतीन येऊच देऊ नका. ‘फ्युन्फ फोर हाल्ब ड्राय’ म्हणजे अडीचला पाच कमी, २:२५.

भेट ठरवताना शंका आली, तर चोवीस तासांच्या पद्धतीने खात्री करा: ‘फिर्त्सेन ऊअर फ्युन्फत्सेन’, १४:१५. रेल्वेच्या घोषणाही अशाच असतात, त्यामुळे कोणाला वावगं वाटत नाही. फक्त ‘फिर्त्सेन’ (चौदा) आणि ‘फिर्टल’ यांची सुरुवात सारखी आहे; शेवट नीट ऐका.

स्टुटगार्टकडे वाइन मागवताना ‘फिर्टेले’ म्हणजे पाव लिटर, २५० मिली. व्हिएन्नात त्याहून कमी हवी असेल, तर ‘आख्टल’ मागा, १२५ मिली. शहरात ‘फिर्टल’ म्हणजे वस्ती. तिथे चार भाग मोजत बसू नका. लोअर ऑस्ट्रियात मात्र चार भाग खरोखरच आहेत: वाल्डफिर्टल, वाइनफिर्टल, मोस्टफिर्टल आणि इंडुस्ट्रीफिर्टल.